ही रेघ नेमकी कोणाची?

माझ्या ताईचं बाळ चार महिन्यांचं होतं तेव्हाची गोष्ट. ताई इंग्लंडमध्ये, आई सांगलीत. व्हिडिओ कॉलवर ताईने बाळाच्या 'रेड बुक'मधला वजनाचा तक्ता कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाली, "पंचविसाव्या सेंटाइलवर आहे." आईचा चेहराच पडला. "पंचवीस? अगं, पास व्हायला पस्तीस लागतात!"

आम्ही दोघी खूप हसलो. मग ताईने समजावलं की हे मार्क नाहीत. त्याच वयाची शंभर मुलं वजनाप्रमाणे रांगेत उभी केली, तर साधारण पंचवीस आपल्या बाळाच्या मागे आणि पंचाहत्तर पुढे असतील, एवढाच याचा अर्थ. बाळ अगदी ठणठणीत आहे. आईला ते पटलं, पण तिने पुढे जे विचारलं त्यावर मात्र आम्हाला हसता आलं नाही. "बरं, मग ही मधली रेघ कुठल्या बाळाची आहे?"

वाढीचे वक्र काढणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, तरी मला चटकन उत्तर देता आलं नाही. पॉडकास्टच्या या भागात आम्ही वाढीच्या वक्रांबद्दल बोललो, पण वक्र कानाने दिसत नाही, म्हणून हा लेख. आईचा प्रश्न बाजूला ठेवून आधी आपण स्वतः एक वक्र काढू. तुमच्यापैकी जे जीवशास्त्र, शेती, मत्स्यशास्त्र किंवा वैद्यकशास्त्र शिकताय, त्यांच्या प्रोजेक्टमध्ये हे काम आज ना उद्या येणारच आहे. बाकीच्यांनाही असे वक्र बातम्यांत आणि दवाखान्यात भेटतच राहतात.

पाच झाडं, सात तारखा

आपण 'आर' वापरू. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते सुरू केलं. त्याच्यासोबत सरावासाठी काही डेटासेट आयतेच येतात. त्यातला एक आहे 'ऑरेंज', म्हणजे संत्र्याची पाच झाडं. प्रत्येकाच्या खोडाचा घेर सात वेळा मोजलेला आहे, म्हणजे एकूण पस्तीस ठिपके. घेर मिलिमीटरमध्ये आणि वय दिवसांमध्ये : ११८, ४८४, ६६४, १००४, १२३१, १३७२ आणि १५८२.

पहिल्या मोजणीला पाचही झाडं जवळपास सारखीच होती, ३० ते ३३ मिमी. शेवटच्या मोजणीला तिसरं झाड १४० वर होतं आणि चौथं २१४ वर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला नियम सोपा आहे, तरी घाईत तोच राहून जातो. मॉडेलकडे वळण्याआधी ठिपके काढा. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर घेर, आणि प्रत्येक झाडाला वेगळा रंग. प्रत्येक झाडाचे ठिपके बारीक रेघेने जोडून घ्या. म्हणजे कोण सुरुवातीपासून पुढे होतं, कोण मागून आलं आणि कोण कुठे थबकलं हे डोळ्यांना दिसतं. हे चित्र फेकू नका. शेवटच्या आकृतीतही ते हवंय.

तीन आकड्यांत मावणारी वाढ

आता वक्र. बरीचशी वाढ आडव्या ताणलेल्या 'एस' अक्षरासारखी दिसते. सुरुवातीला हळू, मधे झपाट्याने, मग पुन्हा हळू. या आकाराचं एक जुनं सूत्र बेल्जियमच्या पिअर फ्रांस्वा व्हेरहुल्स्टने १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी मांडलं. त्याला लॉजिस्टिक वक्र म्हणतात. सूत्र पाठ करायची गरज नाही, पण त्यातले तीन आकडे ओळखीचे करून घ्या.

पहिला आकडा म्हणजे छत. वाढ शेवटी कुठे जाऊन टेकणार, तो घेर. दुसरा म्हणजे मध्य : छताच्या निम्म्यापर्यंत झाड कोणत्या वयात पोचलं. तिसरा आकडा चढ किती पसरट आहे ते सांगतो. मध्य ओलांडल्यावर आणखी तेवढे दिवस गेले की झाड छताच्या साधारण ७३ टक्क्यांवर पोचतं.

'आर'मध्ये हे काम 'एनएलएस' नावाचं फंक्शन करतं. प्रत्येक ठिपक्याचं वक्रापासूनचं उभं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करायची, आणि ती बेरीज सगळ्यात कमी येईल असे तीन आकडे शोधायचे. मात्र सरळ रेषेसारखं याचं उत्तर एका फटक्यात निघत नाही. संगणक अंधारात डोंगर उतरल्यासारखा चाचपडत जातो, आणि कुठून निघायचं ते त्याला सांगावं लागतं. सुरुवात भलत्याच ठिकाणी केलीत तर 'सिंग्युलर ग्रेडियंट' असा एरर येतो आणि रात्री दोनला रडू येतं. त्यावर उपाय दोन. एक, ठिपक्यांकडे बघून स्वतः अंदाज द्या : छत साधारण २००, मध्य साधारण ७००. दोन, 'एसएसलॉजिस' वापरा. ते सुरुवातीचे आकडे डेटातूनच स्वतः काढतं.

पस्तीसही ठिपके एकत्र टाकून वक्र बसवला की छत १९२.६९ मिमी, मध्य ७२८.७६ दिवस आणि पसरटपणा ३५३.५३ दिवस असं उत्तर येतं.

वक्र कागदावर आणताना

इथे नव्या माणसाची पहिली फसगत होते. तुम्ही 'प्रेडिक्ट' फंक्शनला विचारता, वक्राची उंची सांग. ते सात वयांच्या सात उंच्या सांगतं, कारण डेटात वयं सातच आहेत. त्या जोडल्या की गुळगुळीत वक्राऐवजी कोपरे असलेली मोडकी रेघ येते. डेटा झाडांप्रमाणे मांडलेला असेल, तर एका झाडाच्या शेवटापासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत उलटी तिरकी रेघही येते आणि सगळा कोळ्याचा जाळा होतो.

वक्र काढण्यासाठी वयांची वेगळी, दाट यादी बनवा. ११८ पासून १५८२ पर्यंत दर पाच दिवसांनी एक, असं चालेल. ती यादी 'प्रेडिक्ट'ला द्या. वयाच्या रकान्याचं नाव मूळ डेटात आहे तेच ठेवा. ते चुकलं तर 'प्रेडिक्ट' तुमच्या यादीकडे बघतच नाही आणि तेच सात-सात आकडे परत करण्याची शक्यता असते. आणि यादी डेटा संपतो तिथेच संपवा. का, ते पुढे येतंच आहे.

आता चित्र छान दिसतं. पस्तीस ठिपक्यांमधून एक डौलदार वक्र. पोस्टरवर लावावा असा.

पण हा वक्र कोणाचा?

माझ्या पहिल्या पोस्टरवर मी असाच एक वक्र लावला होता. झाडं वेगळी, बाकी सगळं हेच. वक्र नीट उठून दिसावा म्हणून मी ठिपके काढून टाकले होते. एका वयस्कर प्राध्यापिका आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हे रोप मला दाखवता का?" मला दाखवता येईना. त्या वक्राप्रमाणे वाढलेलं एकही रोप माझ्या ट्रेमध्ये नव्हतं.

संत्र्यांचंही तसंच आहे. एकत्रित वक्र १५८२ व्या दिवशी १७७ मिमी सांगतो. चौथं झाड त्याच्या ३७ मिमी वर आहे आणि तिसरं बरोबर तेवढंच खाली. ठिपके वक्रापासून साधारण किती लांब पडतात याचा एक आकडा 'आर' देतं. तो येतो २३.३७ मिमी. आता प्रत्येक झाडाला स्वतःचा वक्र द्या. 'एनएलएस-लिस्ट' हे एका ओळीत करतं. तोच आकडा ७.९८ वर येतो.

म्हणजे आधी जो पसारा 'मोजणीतली चूक' किंवा 'निसर्गाची गडबड' वाटत होता, त्यातला बराचसा गडबड नव्हताच. झाडं एकमेकांपेक्षा वेगळी होती, आणि एकाच वक्राने ते झाकून टाकलं होतं. झाडागणिक छत पाहिलंत तर पहिल्याचं १५४ आहे आणि चौथ्याचं २२५.

मग प्रत्येकाला वेगळा वक्र देऊन मोकळं व्हायचं का? त्यातही अडचण आहे. सात ठिपक्यांवर तीन आकडे काढायचे म्हणजे प्रत्येक आकडा डळमळीत. शिवाय आपला प्रश्न बहुतेकदा याच पाच झाडांपुरता नसतो, संत्र्याचं झाड एकूणात कसं वाढतं हा असतो. यासाठी मधला मार्ग आहे : मिश्र मॉडेल. 'आर'मधलं 'एनएलएमई' पॅकेज ते करतं. ते असं गृहीत धरतं की झाडांचं एक सामाईक सरासरी छत आहे आणि प्रत्येक झाड त्याच्या थोडं वर किंवा खाली जातं. उत्तर येतं : सरासरी छत सुमारे १९१ मिमी, आणि झाडाझाडांतल्या फरकाचं प्रमाण विचलन सुमारे ३१ मिमी.

दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. 'संत्र्याचं झाड १९१ मिमीपर्यंत जातं' आणि 'झाडं १९१ च्या आसपास जातात, पण त्यांच्यात तिसेक मिमीचा फरक सहज असतो' ही दोन वेगळी विधानं आहेत. शेतकऱ्याला, डॉक्टरला, आईला कामाचं असतं ते दुसरं.

चित्रात हे असं दाखवा : ठिपके, प्रत्येक झाडाचा बारीक फिका वक्र, आणि वर सरासरीचा एक जाड वक्र. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं की जाड रेघ कोणाचीच नाही, सगळ्यांच्या मधली आहे.

पट्टा कशाचा?

वक्राभोवती राखाडी पट्टा बऱ्याच चित्रांत असतो. तो आपोआप येतो, म्हणून कोणी विचारत नाही. पण पट्टे दोन प्रकारचे असतात. एक सांगतो, सरासरी वक्राची जागा आपल्याला किती पक्की माहीत आहे. दुसरा सांगतो, नवं झाड आणलं तर ते कुठल्या हद्दीत पडेल. दुसरा पहिल्यापेक्षा पुष्कळच रुंद असतो. पहिला काढून दुसऱ्याचा अर्थ लावणं ही अगदी नेहमीची चूक. आकृतीखालच्या ओळीत पट्टा कशाचा आहे ते लिहायचंच.

आणखी एक गुपचूप खड्डा. 'एनएलएस'च्या मॉडेलवर 'प्रेडिक्ट' चालवताना तुम्ही पट्टा मागितलात तरी ते देत नाही, आणि तक्रारही करत नाही. तो पर्याय तिथे दुर्लक्षित होतो. पट्टा हवा असेल तर बूटस्ट्रॅप करा : डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढायचे, दर वेळी वक्र बसवायचा आणि वक्र किती हलतो ते बघायचं. नमुने काढताना सुटे ठिपके उचलू नका, अख्खी झाडं उचला. एकाच झाडाच्या सात मोजण्या म्हणजे सात स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराला सात वेळा विचारलेला तो प्रश्न आहे. आपले साक्षीदार पस्तीस नाहीत, पाचच आहेत. पाचांवर बूटस्ट्रॅपही डळमळीतच राहणार, हे वाचणाऱ्याला सांगून टाका.

आता कॅलेंडर काढा

या डेटात माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट इथे आहे. एकत्रित वक्र शेवटाकडे आडवा होतो. झाडं छताजवळ आली, वाढ संपत आली, असं वाटतं. पाचव्या झाडाचंच घ्या. शेवटची मोजणी १७७ मिमी, आणि वक्र म्हणतो छत २०७. ते तीस मिमी कोणीही मोजलेले नाहीत. तो मॉडेलचा शब्द आहे. म्हणून मघाशी म्हटलं, रेघ डेटा संपतो तिथेच संपवा.

पण मुळात वाढ खरंच थांबत आली होती का? डेटासोबतच्या माहितीत लिहिलंय की वयाचे दिवस ३१ डिसेंबर १९६८ पासून मोजलेत. बोटं मोजा. १००४ वा दिवस म्हणजे १ ऑक्टोबर १९७१. १२३१ वा म्हणजे १५ मे १९७२. १३७२ वा म्हणजे ३ ऑक्टोबर १९७२. आणि शेवटचा, १५८२ वा, म्हणजे १ मे १९७३.

आता पाच झाडांची सरासरी वाढ बघा. ऑक्टोबर ते मे, २२७ दिवसांत ११.४ मिमी. मे ते ऑक्टोबर, १४१ दिवसांत २७.८ मिमी. पुन्हा ऑक्टोबर ते मे, २१० दिवसांत २.४ मिमी. दुसऱ्या झाडाची तर या शेवटच्या टप्प्यात काहीच वाढ नाही : २०३, आणि पुन्हा २०३.

दिसलं? उत्तर गोलार्धात ऑक्टोबर ते मे म्हणजे मधे अख्खा हिवाळा. झाडं एकदा मंदावली, उन्हाळ्यात पुन्हा सुटली आणि मग परत मंदावली. योगायोगाने मोजणी त्या दुसऱ्या मंद टप्प्याच्या अखेरीस संपली. लॉजिस्टिक वक्राला ऋतू माहीतच नाही. त्याला एकदाच चढायचं आणि एकदाच टेकायचं एवढंच येतं. म्हणून झाडाच्या विश्रांतीचा बराचसा भाग त्याने 'वाढ पूर्ण होत आली' असा वाचला. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक मोजणी असती, तर छत कदाचित बरंच वर सरकलं असतं.

हे तुम्हाला कोणत्या आकड्याने सांगितलं? छताने नाही, मध्याने नाही, उरलेल्या चुकीच्या बेरजेनेही नाही. झाडागणिक जोडलेल्या ठिपक्यांनी सांगितलं. १००४ आणि १२३१ यांच्या मधला तो सपाट तुकडा आणि लगेच नंतरचा चढ. ठिपके काढून टाकले असते, तर वक्र कायमचा खरा ठरला असता.

मला या लेखात एवढंच सांगायचंय. वक्र हा दावा असतो. तो करायला हरकत नाही, दाव्याशिवाय विज्ञान पुढे जात नाही. पण चित्र असं काढा की समोरच्याला तुमचा दावा खोडायला जागा राहील. ठिपके दाखवा, कोणता ठिपका कोणाचा ते दाखवा, आणि जिथे मोजलं नाही तिथे रेघ थांबवा.

आईच्या प्रश्नाचं उत्तर

आता रेड बुककडे वळू. त्या तक्त्यामागे जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास आहे. १९९७ ते २००३ मध्ये ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली गेली. भारतातली दक्षिण दिल्लीतली होती, ओमानमधली मस्कतची. म्हणजे मस्कतमध्ये वाढलेल्या आपल्यापैकी कोणाच्या शेजारचं एखादं पोरही त्या आकड्यांत असेल. अभ्यासातल्या मुलांना आईचं दूध मिळत होतं आणि आई धूम्रपान करत नव्हती. मुलं अशा चांगल्या परिस्थितीत कशी वाढतात, हे त्यांना दाखवायचं होतं. २००६ मध्ये हे मापदंड प्रसिद्ध झाले. ब्रिटनच्या आजच्या तक्त्यात त्यांचा वापर होतो, आणि अमेरिकेतही दोन वर्षांखालच्या मुलांसाठी हेच वापरावेत अशी शिफारस आहे.

तेव्हा आई, ती मधली रेघ कुठल्याच बाळाची नाही. प्रत्येक वयाला बरोबर मधे कोण येतं ते बघून ती काढली आहे, आणि दर महिन्याला मधे येणारं बाळ वेगळं असू शकतं. पण इथे रेघ एकटी नाही. ब्रिटनच्या तक्त्यावर नऊ रेघा असतात, खाली ०.४ पासून वर ९९.६ व्या सेंटाइलपर्यंत. म्हणजे मुलांमुलांतला फरक लपवलेला नाही, तोच तक्त्याचा मुख्य मजकूर आहे. आपल्या संत्र्यांच्या चित्रात जे काम प्रत्येक झाडाच्या फिक्या रेघांनी केलं, ते इथे या नऊ रेघा करतात.

तरीही एक गोष्ट त्या दाखवू शकत नाहीत : एकेका मुलाची चाल. किशोरवयात हे ठळक दिसतं. मुलं एकदम उंच होतात, पण कोणी अकराव्या वर्षी तर कोणी चौदाव्या. सगळ्यांची सरासरी काढली की ती झेप पसरट होते, आणि सरासरी मुलगा प्रत्यक्षातल्या कुठल्याही मुलापेक्षा हळू वाढतो. ब्रिटनमध्ये टॅनर, व्हाइटहाउस आणि ताकाइशी यांनी १९६६ मध्ये तक्ते केले, ते हा घोटाळा लक्षात घेऊनच. त्याच्या खूप आधी फ्रान्समध्ये माँबेयार्ने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षं आपल्या एकाच मुलाची उंची मोजत राहिला. मूल एकच, पण त्याची झेप त्या नोंदींत स्वच्छ दिसते.

म्हणून तक्ता वाचताना बाळ कुठल्या रेघेवर आहे यापेक्षा ते आपल्या वाटेने चाललंय का, हे बघतात. पंचविसाव्याच्या आसपास सुरू होऊन तिथेच राहणारं बाळ आपली वाट धरून आहे. एकामागून एक रेघा ओलांडत खाली येत असेल, तर मात्र हेल्थ व्हिजिटरला किंवा डॉक्टरला दाखवायचं, मग ते पंचाहत्तराव्यावरून का निघालेलं असेना. आणि एका ठिपक्यावरून काहीच ठरवायचं नाही.

ताईने आता एक गोष्ट केलीय. दर वजनाला ती तक्त्यावर ठिपका टाकते, शेजारी तारीख लिहिते, आणि फोटो आईला पाठवते. मधे एका महिन्यात ठिपका जरा खाली आला. आईने फोटो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन केला, "अगं, या तारखेला त्याला सर्दी होती ना? पुढचा ठिपका येऊ दे, मग बघू."

सांगलीत बसून, एकही सॉफ्टवेअर न उघडता, आईने कॅलेंडर काढलं होतं.